बहुचल विश्लेषणासाठी आर, एसपीएसएस की पास्ट?

मोजमापांचा तक्ता तयार आहे, आठ-दहा व्हेरिएबल आहेत, आता पीसीए (अनेक मापं मोजक्या नव्या घटकांत गोळा करण्याची पद्धत) करून आलेख काढायचाय. अशा वेळी बहुतेक जण विचारतात, सोपं कुठलं? मी आधी हे बघायला सांगेन की तुम्हाला न विचारता कुठलं सॉफ्टवेअर काय ठरवून टाकतं.

आयरिस फुलांचा प्रसिद्ध डेटा घ्या. रोनाल्ड फिशर यांनी १९३६ मध्ये वापरलेला, तीन जातींची १५० फुलं, प्रत्येकाची चार मापं. आरमध्ये तो आयताच मिळतो. त्यावर पीआरकॉम्प हे आरचं पीसीएचं फंक्शन जसंच्या तसं चालवलं, तर पहिला घटक एकटाच ९२.५ टक्के व्हेरिअन्स (डेटातला एकूण चढउतार) उचलतो. एसपीएसएसच्या 'फॅक्टर' या पर्यायातून गेलात, तर हाच आकडा ७३ येतो. चुकलंय कुणीच नाही. आर मूळ मापं तशीच धरतं, त्यामुळे सगळ्यात जास्त बदलणारी पाकळीची लांबी भाव खाऊन जाते. एसपीएसएस कोरिलेशन मॅट्रिक्स (मापांच्या परस्परसंबंधांचा तक्ता) घेऊन चारही मापांना सारखं वजन देतं. आरमध्ये स्केल हा पर्याय चालू करा, तिथेही ७३च येईल.

शिवाय एसपीएसएस आयगेनव्हॅल्यू (घटक किती व्हेरिअन्स उचलतो त्याचं माप) १ पेक्षा मोठी असलेलेच घटक ठेवतं. आयरिसचा दुसरा घटक ०.९१ वर अडकतो आणि गळतो. दोन अक्षांचा आलेख हवा, तर घटकांची संख्या २ अशी स्वतः भरावी लागते.

रिकाम्या रकान्यांचंही तसंच. पीआरकॉम्प एरर देऊन थांबतं. एसपीएसएस ती अख्खी ओळ वगळून पुढे जातं. थांबणं वैताग आणतं खरं, पण डेटात भोक आहे हे कळतं, म्हणून मला तेच पटतं.

आलेखांत आरला तोड नाही. जीजीप्लॉट२ या पॅकेजमध्ये रंग, लेबलं, जातीनुसार लंबवर्तुळं, सगळं हातात राहतं. शिकायला मात्र वेळ द्यावा लागतो. परिसंस्थेचा डेटा असेल, तर आरचं व्हेगन हे पॅकेज आहेच.

पास्टबद्दल आपल्याकडे कमी बोललं जातं. ओस्लोच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधल्या ओयविंड हामर यांनी जीवाश्म अभ्यासकांसाठी ते घडवलं. फुकट आहे आणि कोड लिहावा लागत नाही. कोव्हेरिअन्स (मूळ मापं तशीच) की कोरिलेशन (सगळ्यांना सारखं वजन), ही निवड पीसीएच्या खिडकीतच समोर दिसते. बायप्लॉट (नमुने आणि मापं एकाच आलेखात) आणि ९५ टक्के लंबवर्तुळ एकेका चौकटीत खूण केली की येतात. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, भूगर्भशास्त्राच्या एमएस्सी प्रोजेक्टला ते पुरून उरतं.

पीएचडी असेल, हेच विश्लेषण पुन्हा पुन्हा करायचं असेल, तर आरच शिका. तेही फुकट आहे, आणि परीक्षकांनी दोन वर्षांनी विचारलं तरी स्क्रिप्ट उघडून प्रत्येक पायरी दाखवता येते. सर्वेक्षणाचा डेटा आहे, कॉलेजकडे परवाना आहे आणि गाईडना एसपीएसएसचेच तक्ते वाचायची सवय आहे, तर तेच वापरा. फक्त 'ओके'ऐवजी 'पेस्ट' दाबून सिंटॅक्स (तुमच्या निवडींच्या लिखित कमांड) चालवा, ती फाईल जपून ठेवा आणि प्रबंधात कुठली मॅट्रिक्स घेतली ते स्पष्ट लिहा.