वावरातल्या घरी फायबर : ११ महिन्यांचा अनुभव

घाटंजी तालुक्यात आमचं घर गावठाणापासून दीड किलोमीटरवर, वावरातच आहे. मी यवतमाळच्या एका कर सल्लागारांसाठी घरून जीएसटीची रिटर्न भरते. महिन्याची ११ आणि २० तारीख, म्हणजे जीएसटीआर-१ आणि ३बी या रिटर्नच्या शेवटच्या तारखा. ३बी एक दिवस चुकलं तर दुकानदाराला दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क बसतं. ते माझ्या नेटमुळे बसावं हे मला सहन होत नाही. म्हणून वेग किती यापेक्षा २० तारखेला नेट असतं की नाही, यावरच मी हा अनुभव लिहिते आहे.

आधी दीड वर्ष सिमकार्डाचा राउटर आणि स्लॅबवर पाईपाला बांधलेला अँटेना होता. मे महिन्यात सिग्नल उणे ९८ डीबीएम (उणे आकडा जितका मोठा, तितका सिग्नल कमजोर), काम व्यवस्थित. जुलै संपेपर्यंत तोच उणे ११२ वर गेला. टॉवरवर गर्दी आहे असं कंपनीकडून उत्तर मिळालं, पण पहाटे ४ वाजताही तीच गत होती. मग लक्षात आलं, टॉवर आणि घराच्या मध्ये सागाचा पट्टा आहे. उन्हाळ्यात साग उघडा असतो, पावसाळ्यात सुपाएवढी पानं आणि त्यांवर पाणी. २३०० मेगाहर्ट्झचा सिग्नल असल्या ओल्या पानांत जिरतो. राउटरच्या सेटिंगमध्ये हा २३०० चा बँड ४० बंद करून ८५० मेगाहर्ट्झचा बँड ५ पक्का केला, तेव्हा सिग्नल उणे १०१ वर आला. वेग ५-६ एमबीपीएसच मिळाला, पण नेट तुटणं थांबलं. ज्यांच्याकडे वायर पोहोचणारच नाही त्यांनी हे जरूर करून पाहा, फक्त अँटेना टॉवरच्या दिशेला नीट धरा आणि केबल लांब ठेवू नका.

भारतनेट ही गावोगाव इंटरनेट नेण्याची सरकारी योजना २०११ साली वेगळ्या नावाने मंजूर झाली, २०१५ मध्ये तिला आजचं नाव मिळालं. तिचं फायबर, म्हणजे काचेच्या तंतूची वायर, ग्रामपंचायतीपर्यंत येतं. पंचायतीपासून घरापर्यंतची वायर हा वेगळा प्रश्न, आणि आमच्यासाठी तोच दीड किलोमीटरचा होता.

शेवटी पोळ्याच्या आठवड्यात तालुक्याच्या एका केबलवाल्याकडून फायबरची जोडणी घेतली. एका घरासाठी तो यायला तयार नव्हता. वस्तीवरची चार घरं एकत्र आलो, पांदणीच्या कडेने बल्ल्या आम्हीच रोवल्या, तेव्हा वायर ओढली गेली. जोडणीचे घरटी ३००० रुपये आणि ४० एमबीपीएसचा प्लॅन ४९९ अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे महिन्याला ५८९.

पहिले चार महिने फार त्रासाचे गेले. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला होता (१४०० रुपये, चार तास चालतो), तरी लाईन (वीज) गेली की नेट जायचं. आणि कधीकधी आमच्याकडे लाईन असतानाही जायचं! चौकशी केली तर कळलं, बाजूच्या गावात एका घराच्या भिंतीवर केबलवाल्याचं स्विच होतं. त्या गावाची लाईन गेली की स्विच बंद, पुढे आम्ही सगळे बंद. जीपॉन या फायबर वाटायच्या पद्धतीत मध्ये फक्त काचेचा स्प्लिटर, म्हणजे प्रकाश अनेक घरांत वाटून देणारा तुकडा असतो, त्याला वीज लागत नाही. वीज लागते ती केबलवाल्याच्या मुख्य मशीनला आणि आपल्या घरच्या डब्याला, ज्यात फायबर येऊन जोडलं जातं. चारही घरांनी मिळून तगादा लावला आणि जानेवारीत स्विच काढून स्प्लिटर बसला. तेव्हापासून डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) जळाली तरी मी यूपीएसवर रिटर्न भरते. जोडणी घेण्याआधी हे एकच विचारा : तुमच्या मशीनपासून माझ्या घरापर्यंत मध्ये विजेवर चालणारं काही आहे का? एमबीपीएस नंतर विचारा.

वायर ११ महिन्यांत सात वेळा तुटली. दोनदा माकडांनी तोडली, एकदा सोयाबीन काढायला आलेल्या हार्वेस्टरने, एकदा फांदी पडली. उरलेल्या तीन वेळा धुरे (वावराचे बांध) पेटवल्याने वितळली, तिन्ही वेळा उन्हाळ्यात. तिसऱ्यांदा मी शेजारच्या वावरात गेले आणि म्हटलं, "काका, वायरखालचं गवत मी कापून घेते, तेवढा धुरा पेटवू नका." ते म्हणाले, "बाई, हे वायर तुमची हाय, हेच मले ठाऊक नव्हतं." त्यानंतर तिथे जाळ लागला नाही. वायर टाकतानाच सगळ्या धुरेकऱ्यांना जाऊन सांगायला हवं होतं, हे माझं चुकलं.

दुरुस्तीला कधी एक दिवस लागला, कधी तीन. काच जोडायचं मशीन केबलवाल्याकडे एकच आहे. पण लाईनमन भला माणूस आहे. फोन केला की पहिला प्रश्न, "वहिनी, लाल लाईट लुकलुकून रायला का?" डब्यावरचा लाईट लाल असेल तर वायरचाच दोष, मग तो मशीन घेऊनच निघतो, फेरी वाया जात नाही. डब्याच्या सेटिंगच्या पानावर दिसणारा, वायरमधून येणाऱ्या प्रकाशाच्या जोराचा आकडाही मी आता दर आठवड्याला पाहते. नवीन होतं तेव्हा उणे १९ होता. उणे २७ च्या आसपास गेला की डबा तग धरत नाही. मे महिन्यात तो उणे २५ झाला, तेव्हाच कळवलं. एका बल्लीपाशी वायर दुमडली होती. तुटण्याआधीच सरळ झाली.

राउटर आधी टिनाखालच्या खोलीत होता. नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हात) तो सारखा बंद पडायचा, म्हणून मामाजींच्या मातीच्या भिंतीच्या खोलीत हलवला. त्या भिंतीतून ५ गिगाहर्ट्झचं वायफाय बाहेर येत नाही, २.४ चं येतं आणि माझं काम त्यावर होतं. ढग गडगडायला लागले की डब्याची पिन काढून ठेवते. काचेतून वीज येत नाही, ती अडॅप्टरच्या वाटेने येते.

या ११ महिन्यांत २० तारखेला नेट दोनदा नव्हतं. दोन्ही वेळा जुन्या सिमच्या राउटरवर भरलं, म्हणून तो अँटेना मी उतरवलेला नाही. वर्षाचे पैसे एकदम भरले तर एक महिना फुकट देतात, पण मी महिन्याचेच भरते. पुढच्या उन्हाळ्यात धुरे किती जळतात ते पाहूनच वर्षाचं ठरवीन.