बोटांचे ठसे घेऊन मुलांची बुद्धी सांगणारी चाचणी : पालकांनी सावध राहावे

मुलीच्या शाळेमार्फत ‘डीएमआयटी’ नावाची चाचणी झाली आणि चिठ्ठीवर शाळेचा शिक्का असल्याने बहुतेक पालकांप्रमाणे आम्हीही साडेचार हजार रुपये भरले. प्रतिनिधीने तिचे प्रत्येक बोट काचेवर मधून, डावीकडून आणि उजवीकडून दाबून ठसे घेतले. पुढे जो गुळगुळीत कागदावरचा अहवाल आला, त्यात तिची गणिती बुद्धी ‘जन्मतःच कमी’ असून तिने विज्ञान शाखेचा विचार करू नये, असे रंगीत आलेखांसह छापले होते. तिच्या वर्गातल्या एका मुलाचा अहवाल शेजारी ठेवून पाहिला, तेव्हा परिच्छेदच्या परिच्छेद शब्दशः तेच निघाले. नाव आणि टक्के तेवढे वेगळे होते. खुलासा मागितल्यावर बारा हजारांचे ‘समुपदेशन’ सुचवण्यात आले.

फसवणूक नेमकी कोठे आहे, हे समजून घ्यावे. ठसे आनुवंशिक असतात, असे ही मंडळी आधी सांगतात आणि तेवढे खरेच असते. गर्भाच्या साधारण दहाव्या आठवड्यापासून बोटांवर रेषा उमटू लागतात; शंख उमटणार की चक्र, यात आईवडिलांकडून आलेल्या जनुकांचा मोठा वाटा असतो, मात्र बारीक तपशील गर्भाशयातील परिस्थितीवरही ठरत असल्यामुळे एकसारख्या जुळ्यांचेही ठसे तंतोतंत जुळत नाहीत. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या जनुकीय अभ्यासात या नक्षीशी निगडित आढळलेली जनुके प्रामुख्याने हातपायांच्या वाढीची होती. डाऊन सिंड्रोम या जन्मजात गुणसूत्रदोषात ठशांची ठेवण काहीशी वेगळी आढळते, पण त्याचे निदान गुणसूत्रांच्या तपासणीनेच होते. त्यावरून धडधाकट मुलाची गणितातली गती सांगायला कसलाही आधार नाही. ठशांचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणाऱ्या फ्रान्सिस गाल्टन यांनी 1892 मध्येच, ठशांवरून स्वभाव कळेल ही आपली अपेक्षा फोल ठरल्याचे लिहून ठेवले आहे. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही या चाचणीला वैज्ञानिक आधार नसल्याचे स्पष्ट केले आहे.

एका कागदामुळे गणित आवडणारी मुलगी ‘मला ते जमणारच नाही’ म्हणू लागली, याचा संताप मला पैशांपेक्षा अधिक आहे.

पैसे परत मिळालेले नाहीत. ज्यांच्या मुलांचे ठसे आधीच दिले गेले आहेत, त्यांनी ते नष्ट केल्याची लेखी हमी मागावी, ‘आधार’चे बायोमेट्रिक लॉक करून ठेवावे आणि पैशांसाठी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.