ग्रेट डेन की सेंट बर्नार्ड? आधी पावसाळा आठवा

आडमाप वाढणारं कुत्र्याचं पिल्लू आणायचं ठरलं की आपल्याकडे बहुतेकांचा घोळ याच दोन नावांत होतो. माझाही झाला होता. शेवटी डेन घेतला, आणि पुन्हा वेळ आली तर बहुधा डेनच घेईन. बर्नार्डबद्दल मनात अढी मात्र नाही. मेहुण्याची बर्नार्ड मादी अख्खा पावसाळा आमच्याकडे मुक्कामाला होती, त्यामुळे दोन्ही जाती घरात वावरताना पाहिल्यात.

वाढीच्या बाबतीत फार फरक करण्यासारखं नाही. पाच-सहा महिन्यांत दोन्ही पिल्लं पूर्ण वजनाच्या निम्म्यावर येतात, हाडं पक्की व्हायला मात्र दीड वर्ष तरी जातं. डेन आधी उंच होतो आणि मग भरतो. मधल्या काळात मागचा भाग वर, पुढचा खाली, आठवड्याभरात पुन्हा उलटं, असं त्याचं चालू असतं. बर्नार्ड सुरुवातीपासून रुंद असतो आणि तिसऱ्या वर्षापर्यंत भरतच राहतो. गुळगुळीत टाइल्स दोघांच्याही सांध्यांना वाईट. आमच्या हॉलमध्ये वर्षभर जुन्या सतरंज्या अंथरलेल्या होत्या.

खाण्याचं मात्र नीट सांगतो, कारण इथे आपल्या लोकांचं प्रेम आड येतं. "एवढं मोठं कुत्रं, भरपूर खाऊ दे" असं प्रत्येक पाहुणा म्हणतो. 1974 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ग्रेट डेनच्या सख्ख्या भावंडांपैकी काहींना हवं तेवढं खाऊ दिलं आणि काहींना त्याच्या दोन-तृतीयांश. हाडांचे विकार पोटभर खाणाऱ्यांत जास्त निघाले. कॅल्शियमच्या सिरपचंही तसंच. लहान पिल्लाच्या आतड्याला जास्तीचं कॅल्शियम नाकारता येत नाही, ते शोषलं जातं आणि हाडांची घडण बिघडते. मोठ्या जातींच्या पिल्लांचं तयार खाणं देत असाल तर वरून बाटली नको. पिल्लाच्या फासळ्या हाताला सहज लागल्या पाहिजेत, मग शेजारी काहीही म्हणोत.

स्वभावात दोघं वेगळे. डेनचं पिल्लू हळवं. आवाज चढवला की कोपऱ्यात जाऊन बसतं आणि संध्याकाळपर्यंत रुसलेलं राहतं. माणसाला चिकटून असतं, उभ्या माणसावर अंग टाकून टेकतं. वर्षाच्या आसपास त्याला एकाएकी छत्रीची, कचरागाडीची, अनोळखी टोपीची भीती वाटू लागते. तेव्हा घाई न करता रोज थोडं बाहेर न्यावं लागतं. बर्नार्ड त्या मानाने निवांत. मेहुण्याच्या कुत्रीला फटाक्यांचंही काही वाटत नसे. पण चालता चालता मनात आलं की ती रस्त्यात बसायची, आणि बसली की बसली. लहान मुलं घरात असतील तर मी मनातल्या मनात बर्नार्डला अर्धा गुण जास्त देतो.

आता माझा निर्णय जिथे झाला ते सांगतो. बर्नार्डला ऊन सोसत नाही हे सगळेच सांगतात, आणि त्यावर एसी हा महागडा का होईना पण उपाय आहे. पावसाळ्याचं कोणी बोलत नाही. दुहेरी केसांचं ते अंग एकदा भिजलं की वरून कोरडं दिसतं, आत कातडीपाशी ओलच राहते. पंचा, पंखा, ड्रायर, सगळं करून झालं. तास गेला की पुन्हा शू करायला बाहेर, पुन्हा ओली. त्यात लाळेने छाती कायम भिजलेली. जुलैत एका सकाळी कानाखाली तळहाताएवढा लालभडक, चिकट चट्टा दिसला. व्हेट म्हणाले, हॉट स्पॉट. केस भादरून औषध लावा आणि जागा कोरडी ठेवा. पुण्याच्या पश्चिमेला, जुलैत, कोरडी! तो बरा होईतो मानेवर दुसरा. घराला जो वास लागला तो दिवाळीच्या साफसफाईतच गेला.

गंमत म्हणजे हे लांब केस बर्फात वाटसरू शोधण्याच्या मूळ कामालाही उपयोगी पडले नव्हते. स्वित्झर्लंड-इटलीच्या सीमेवर सुमारे 2,470 मीटर उंचीच्या खिंडीतल्या मठात ही कुत्री वाढली, ती आखूड केसांची. 1830 च्या सुमारास न्यूफाउंडलंडशी संकर झाला, पिल्लं लांब केसांची निघाली, आणि त्या केसांत बर्फ गोठून ती जड होऊ लागली. मठवाल्यांनी ती खाली खोऱ्यातल्या लोकांना देऊन टाकली. आपल्याकडे विकायला असतात ती बहुतेक लांब केसांचीच. थंड हवा म्हणून महाबळेश्वर सुचवणारे भेटतात. तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. कोरडं गाव शोधावं तर ते तापतं.

डेन दोन मिनिटांत पुसून होतो. बाकी त्याचं सगळं गोड आहे असं नाही. शेपूट भिंतीवर आपटून रक्त काढतो, आणि मग भिंत आपण धुतो. थंडीत कुडकुडतो. आयुष्य बहुधा सात ते दहा वर्षं. बर्नार्डही काही फार पुढे जात नाही. हृदयाचे आजार डेनच्या जातीत आहेत. पोट फुगून त्याला पीळ पडण्याचा धोका बर्नार्डलाही असतो, पण डेनला सगळ्यात जास्त मानला जातो, आणि तसं झालं तर काही तासांत शस्त्रक्रिया लागते. असा पीळ पडू नये म्हणून नसबंदीच्या वेळीच जठर पोटाच्या भिंतीला टाचून घेता येतं. डेन घेणार असाल तर पहिल्या लसीलाच व्हेटना त्याबद्दल विचारून ठेवा, आणि रात्री-अपरात्री उघडा असणारा दवाखाना कुठे आहे तेही बघा. बर्नार्डवरच मन जडलं असेल तर आखूड केसांचं पिल्लू मागा. आई-बाप दोन्ही दाखवायला सांगा, जमलं तर ऑगस्टमध्ये जाऊन, आणि मानेचे केस बाजूला करून कातडी बघा.