एए मीटिंग शोधताना यादीपेक्षा फोन खरा: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मीटिंग म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायला चालवलेल्या संघटनेची, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही अट्टल पिणारे, एकमेकांना भेटले आणि तिथून हे सुरू झालं. आपल्याकडे सगळे नुसतं 'एए' म्हणतात. फी नाही, फॉर्म नाही, दारू सोडायची इच्छा एवढीच अट. पद्धत उत्तम आहे, पण पहिली मीटिंग सापडेपर्यंत माणूस मेटाकुटीला येतो, आणि या रिव्ह्यूतली बहुतेक तक्रार तेवढ्याचीच आहे.

आधी एक महत्त्वाचं. सकाळी उठल्याउठल्या घोट लागत असेल, हात थरथरत असतील, तर मीटिंगच्या आधी डॉक्टर. रोजची दारू एकदम तोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम, भास, ताप असा जिवावर बेतणारा प्रकार होऊ शकतो. त्यावर दवाखान्यातली औषधं आणि बी-१ जीवनसत्त्व लागतं. ते काम ग्रुपचं नाही.

शोधायला लोक पहिल्यांदा नकाशा उघडतात आणि तिथेच फसतात. नकाशावरची खूण दोन जागांपूर्वीची असू शकते. सरकारी १४४४६ हा व्यसनमुक्तीचा मोफत नंबर चांगला आहे, पण तो एएचा नाही. तिथे समुपदेशन आणि जवळच्या केंद्राची माहिती मिळते. एएची मीटिंग हवी असेल तर त्यांच्या भारतातल्या साइटवरची हेल्पलाइन किंवा शहराची यादी घ्यावी. मानसोपचार ओपीडीतल्या समाजसेविकेकडेही बऱ्याचदा ताजी यादी असते, हे फार कुणाला सुचत नाही.

यादीत वार, वेळ, भाषा आणि 'ओपन' की 'क्लोज्ड' एवढं बघायचं. ओपनला घरचे सोबत चालतात. क्लोज्डला फक्त ज्याला स्वतःला दारू सोडायची आहे तो. बायको नवऱ्याला घेऊन क्लोज्डला आली की तिला बाहेर थांबावं लागतं, आणि दोघंही खट्टू होऊन परततात. घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळं आहे, त्याची यादीही वेगळी.

यादी चुकते कुठे? बऱ्याच मीटिंगा महापालिकेच्या शाळेत किंवा चर्चच्या हॉलमध्ये भरतात. मे महिन्यात आणि दिवाळीत वर्ग बंद, बोर्डाच्या परीक्षेत खोली बदलते, मतदानाच्या आदल्या दिवशी अख्खी शाळाच ताब्यात जाते. यादी मात्र तीच राहते. म्हणून त्याच दिवशी दुपारी चारच्या सुमाराला संपर्काच्या नंबरवर फोन करायचा आणि चार गोष्टी विचारायच्या: आज मीटिंग आहे का? खोली तीच का? कुठल्या गेटनं यायचं? आणि गेटवर कोणी भेटेल का? शेवटचा प्रश्न सोडू नका. वॉचमनला 'एए' विचारलं तर तो मान हलवतो. 'संध्याकाळची मीटिंग' म्हटलं की वरचा मजला दाखवतो. एएची खूण असलेली वर्तुळातल्या त्रिकोणाची पाटी वेळेआधी जेमतेम पाच-दहा मिनिटं दाराला लागते आणि मीटिंग संपली की पिशवीत जाते. तासभर आधी जागा 'बघून ठेवायला' गेलात तर काही दिसणार नाही.

फोन घरच्यांनी केला तर पलीकडचा माणूस बहुतेक वेळा म्हणतो, 'त्यांनाच द्या की फोन.' हा उद्धटपणा नव्हे. पिणाऱ्यानं स्वतः दोन वाक्यं बोलावीत, एवढंच त्यांना हवं असतं. पत्रिकेसारखी माहिती कोणी मागत नाही. पहिलं नाव पुरतं. तो यायला तयारच नसेल, पण बोलायला तयार असेल, तर घरी येऊन भेटाल का, हेही विचारता येतं. येतात ते जोडीनं, एकटे नाहीत.

आत गेल्यावर पहिलीच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन तास-दीड तास बसायची तयारी ठेवा. एकेक जण पाळीनं बोलतो, मध्ये कोणी तोडत नाही, सल्ले देत नाही. 'मी आज फक्त ऐकतो' म्हटलं तरी चालतं. पिऊन आलात तर सहसा हाकलत नाहीत, फक्त गप्प बसायला सांगतात. शेवटी पिशवी फिरते. दहा-वीस रुपये टाकले तर टाकले, नवख्यानं नाही टाकले तरी कोणी बघत नाही. मीटिंगच्या नावाखाली कोणी हजारांत 'रजिस्ट्रेशन' मागितलं तर ती एए नव्हे, दुसरंच दुकान आहे. ऑफिसला दाखवायला हजेरीचं पत्र हवं असेल तर ते डॉक्टरांकडूनच घ्या. एए पटच ठेवत नाही.

एका मीटिंगवरून मत बनवू नये. प्रत्येक ग्रुपची हवा वेगळी: कुठे मराठी, कुठे हिंदी, गोव्यात कोकणी नि इंग्रजी, कुठे बुजुर्ग जास्त, कुठे पोरं. निदान सहा वेगवेगळ्या बघाव्यात. तीन महिने रोज एक, म्हणजे नव्वद दिवसांत नव्वद, असा जुना रिवाज आहे. छोट्या गावात तो ऑनलाइनशिवाय जमत नाही. ऑनलाइनला मोबाइलवरचं पूर्ण नाव आधी बदला, नाहीतर आडनावासकट पडद्यावर झळकाल. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपलाही तेच: सामील होताच नंबर सगळ्यांना दिसतो, फोटोही दिसू शकतो.

बायकांसाठी ही सोय अजून तोकडीच आहे. वेगळ्या मीटिंगा मोजक्या, त्याही मुख्यतः मोठ्या शहरांत. फोनवर 'ग्रुपमध्ये कोणी बाई आहे का, तिच्याशी आधी बोलता येईल का' असं सरळ विचारावं. असेल तर तिचाच फोन येतो, बऱ्याचदा त्याच संध्याकाळी.