लांब पल्ल्याला कोणती मोटारसायकल सोसते? नाशिकच्या रस्त्यांवरून एक परीक्षण

नाशिकच्या मोटारसायकलस्वाराला लांबच्या प्रवासासाठी जे रस्ते आहेत ते सगळे जुनेच आहेत. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग सिन्नर आणि इगतपुरी तालुक्यांतून जातो खरा, पण त्यावर दुचाकीला प्रवेश नाही. त्यामुळे पुण्याला जायचे तर मोहदरी घाट, सिन्नर, संगमनेर, आळेफाटा. मुंबईला जायचे तर घोटी, इगतपुरी आणि कसारा घाट. धुळ्याकडे ओझर, पिंपळगाव, चांदवडजवळचा राहूड घाट आणि मालेगाव. आणि डोंगराची हौस असेल तर दिंडोरी-वणीवरून सापुतारा. या रस्त्यांवर क्रूझर (बुटकी, पाय पुढे ठेवून बसायची), स्पोर्ट (पुढे झुकून चालवायची), साधी सरळ बैठकीची आणि ॲडव्हेंचर (उंच, खराब रस्त्यांसाठीची) अशा चारही घडणींच्या गाड्या मी निरनिराळ्या ऋतूंत चालवल्या आहेत आणि त्यांपैकी कोणती शरीराला कितपत सोसते, एवढ्याच प्रश्नापुरते हे परीक्षण आहे. इंधनाचा खर्च, किंमत आणि दिसणे हे विषय मी बाजूला ठेवले आहेत.

तुलना करण्यापूर्वी वेगाचा विचार करावा लागतो, कारण परदेशी मासिकांतील आणि चित्रफितींतील मते आपल्याकडे जशीच्या तशी लागू न होण्याचे मुख्य कारण तेच आहे. केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार दुभाजक असलेल्या चारपदरी रस्त्यावर मोटारसायकलची कमाल वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे, आणि कांद्याचे ट्रॅक्टर, उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाक्या व फाट्याफाट्यावरचे गतिरोधक लक्षात घेता शहाणा माणूस त्याहून फार वेगाने जातही नाही. म्हणजे आपला प्रवास साठ ते ऐंशीच्या दरम्यान होतो, आणि त्यात वाऱ्यापेक्षा रस्त्याचा पृष्ठभाग शरीराला जास्त छळतो. दुसरी गोष्ट सीटच्या मऊपणाची. शोरूममध्ये बसताच सुखावणारा मऊ फोम तासाभरात दबतो आणि बैठकीची हाडे थेट खालच्या तळावर टेकू लागतात. उलट सुरुवातीला टणक वाटणारे रुंद सीट संगमनेरपर्यंत तक्रार करू देत नाही. माझ्या अनुभवाने लांब पल्ल्याचा आराम ठरतो तो एकाच गोष्टीवर: गाडी चालवता चालवता शरीराची ठेवण किती प्रकारांनी बदलता येते, यावर. कितीही उत्तम असली तरी एकाच स्थितीत जखडून ठेवणारी बैठक दोन तासांनी शिक्षा होते.

या कसोटीवर सर्वांत फसवी ठरते ती क्रूझर. आरामासाठीच बनवलेली गाडी म्हणून तिची ख्याती आहे आणि पहिल्या तासात ती ख्याती सार्थही ठरते. बजाज ॲव्हेंजर २२० क्रूझच्या सीटची उंची ७३७ मिलिमीटर आहे, तर २०२० मध्ये आलेल्या रॉयल एनफिल्ड मीटिऑर ३५० ची ७६५. मध्यम उंचीच्या माणसाचेही दोन्ही पाय पूर्ण टेकतात, त्यामुळे द्वारका चौकातील रेंगाळत्या गर्दीत या गाड्या इतरांपेक्षा कमी थकवतात. सिन्नर सोडल्यानंतरच्या सरळ, गुळगुळीत पट्ट्यात पाय पुढे, हात सैल आणि इंजिन मंद लयीत, असे जाताना यापेक्षा वेगळी गाडी कशाला हवी असेच वाटते. पण पाय पुढे गेले की शरीराचे बहुतेक वजन माकडहाडावर येते, कंबर मागच्या बाजूने गोल होते आणि मणक्याचा नैसर्गिक बाक नाहीसा होतो. खड्डा दिसला तरी पायांवर भार देऊन सीटवरून किंचित उठता येत नाही, कारण पाय शरीराच्या खाली नसतात. त्यात क्रूझरच्या मागच्या शॉकॲब्सॉर्बरला हालचालीसाठी जागा बेताचीच असते, म्हणून पुलाच्या प्रत्येक सांध्याचा दणका विनातक्रार कंबरेत पोहोचतो. मुंबईच्या वाटेवर वडपे ते ठाणे या टप्प्यात, रुंदीकरणाच्या काळात आणि विशेषतः पावसाळ्यात, क्रूझर चालवलेल्या माणसाला हे वेगळे सांगावे लागणार नाही.

तरीही क्रूझरवाल्यांना निराश होण्याचे कारण नाही. आपल्याकडच्या क्रूझरमध्ये पाय अमेरिकी गाड्यांइतके पुढे ताणलेले नसतात, त्यामुळे दोष सौम्य होतो. एकटे जात असाल तर कपड्यांची लांबट बॅग मागच्या सीटवर आडवी, आपल्या कंबरेला टेकेल अशी घट्ट बांधावी. मागच्या माणसासाठी असलेला टेकू चालकाच्या काही उपयोगाचा नसतो, पण ही बॅग कंबरेला असा आधार देते की सहन होण्याची मर्यादा निदान तासाभराने वाढते. पुढची काच हाही खरा फायदा आहे. जानेवारीच्या पहाटे ओझरच्या पुढे जो गार वारा छातीवर आदळतो, तो ज्याने अनुभवला आहे त्याला काचेची किंमत कळते. मात्र काचेची वरची कड नेमकी हेल्मेटच्या पातळीला आली तर वारा तिथे फुटून डोके सतत थरथरवतो आणि मान दुखते. काच थोडी खाली किंवा थोडी वर, पण मधोमध नको.

स्पोर्ट गाडीविषयी लोक म्हणतात तेवढी ती वाईट नाही, फक्त ती चुकीच्या वेगाला आपल्या हाती येते. यामाहा आर१५ सारख्या गाडीवर शरीर पुढे झुकते, पाय मागे दुमडतात आणि छातीचा भार मनगटांवर येतो. शर्यतीच्या वेगाला समोरून येणारा वारा छाती उचलून धरतो आणि मनगटे मोकळी होतात. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी ८० ला जेवढा जोर असतो त्याच्या चौपट जोर १६० ला मिळतो. ऐंशीच्या वेगाला तो आधार मिळत नाही आणि सगळे ओझे तळहातांवरच राहते. याची खरी परीक्षा इगतपुरीहून कसारा घाट उतरताना होते: उतार, त्यात ब्रेक, त्यात पुढे ट्रकची रांग, असे जमले की शरीर पुढे घसरते आणि मनगटांवर दुप्पट भार येतो. टाकीला गुडघ्यांनी घट्ट आवळून पोटाच्या स्नायूंवर शरीर तोलायची सवय असलेल्यांना हे जमते, बाकीच्यांना शहापूरला थांबून बोटे चोळावी लागतात. तरुणांनी सापुताऱ्याला वळणांचा आनंद घ्यायला ही गाडी जरूर न्यावी. पुणे गाठायचे असेल तर नको. २००३ मध्ये आलेल्या जुन्या हिरो होंडा करिझ्माचे हँडल उंच होते आणि वाऱ्यापासून आडोसाही होता, म्हणूनच तिच्यावर लांब फिरलेली पिढी अजून तिचे नाव काढते. ती मधली वाट नंतरच्या कंपन्यांनी फारशी चोखाळली नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

आता एक विसंगती. निव्वळ बैठक म्हणून पाहिली तर रोजच्या वापरातल्या शंभर सीसी गाडीची बैठक जवळपास आदर्श आहे. पाठ सरळ, कोपर किंचित वाकलेले, पाय गुडघ्याच्या थोडेसे मागे, लांब सपाट सीटवर पुढे-मागे सरकायला मुबलक जागा. स्प्लेंडरवर दूध घालणारा माणूस सकाळभर फिरतो ते उगाच नाही. महामार्गावर मात्र तिचे ९७.२ सीसीचे इंजिन सत्तरच्या पुढे सतत ताणावर राहते, हँडलमधून बारीक कंपने येऊन करंगळीला मुंग्या येतात, आणि शेजारून ट्रक गेला की त्याच्या झोताने हलकी गाडी आणि तिचे अरुंद टायर डगमगतात. सारखे सावध राहण्याचा जो थकवा असतो, तो कोणत्याही सीटने भरून निघत नाही.

हीच सरळ बैठक मोठ्या इंजिनाच्या, वजनदार गाडीवर मिळाली की गणित जुळते, आणि माझ्या मते नाशिकच्या बहुतेक चालकांनी याच वर्गात शोध घ्यावा. रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५०, होंडाची सीबी३५०, बजाज डॉमिनार ४०० या गाड्या स्वभावाने अगदी वेगळ्या आहेत, पण तिन्हींवर पाय जवळपास शरीराच्या खाली येतात आणि कंबर जागेवर राहते. बुलेटच्या जुन्या लोखंडी इंजिनाचा हादरा आठवून जे नाक मुरडतात त्यांनी २०२१ नंतरची क्लासिक चालवून पाहावी. तिच्या ३४९ सीसीच्या इंजिनात कंपने शमवणारा बॅलन्सर शाफ्ट आहे, आणि ताशी ७० ते ८० या पट्ट्यात ते इंजिन फार गोड चालते. नव्वदच्या पुढे रेटण्यासाठी ते नाही. पण तसे रेटायचे कारणही नाही. डॉमिनारचे ३७३ सीसीचे, ४० पीएस शक्तीचे इंजिन उलट्या स्वभावाचे आहे. ऐंशीला ते अर्धेही कामाला लागलेले नसते, राहूड घाटात कंटेनर ओलांडताना गिअर बदलण्याची घाई करावी लागत नाही आणि तो निवांतपणा शेवटी खांद्यांत जाणवतो. २०२१ पासून तिला उंच काच, हातांपुढचे आडोसे, सामानाचा कॅरिअर आणि मागे टेकू हे सगळे कंपनीकडूनच मिळू लागले. ती ज्या चाकणला तयार होते ते चाकण नाशिक-पुणे रस्त्यावरच आहे. गाडीची उंच काच आणि तिथल्या वाहतुकीची कोंडी यांचा संबंध मात्र अजून कोणाला लावता आलेला नाही.

ॲडव्हेंचर गाड्यांकडे आपल्याकडे दिखावा म्हणून पाहिले जाते आणि काही अंशी ते खरेही आहे, कारण अशा बऱ्याच गाड्या गंगापूर रोडच्या पलीकडे जात नाहीत. पण खराब रस्ता हा ज्यांच्या प्रवासाचा नियम आहे, म्हणजे ज्यांना पेठच्या बाजूला किंवा पावसाळ्यात कसाऱ्यापलीकडे वरचेवर जावे लागते, त्यांच्या शरीराला दुसरी कोणतीही घडण एवढी जपत नाही. क्लासिकच्या पुढच्या फोर्कला, म्हणजे पुढच्या चाकाच्या शॉकॲब्सॉर्बरला, हालचालीसाठी १३० मिलिमीटर मिळतात. २०२३ च्या शेवटी आलेल्या रॉयल एनफिल्ड हिमालयन ४५० ला पुढे आणि मागे प्रत्येकी २०० मिळतात, शिवाय तिचे पुढचे चाक २१ इंचांचे असल्यामुळे खड्ड्यात पडण्याऐवजी ते त्यावरून बरेचसे ओलांडून जाते. या गाड्यांवर पाय बरोबर शरीराखाली आणि हँडल रुंद व उंच असते, म्हणून चालता चालता सहज उभे राहता येते. दर अर्ध्या तासाने, रस्ता मोकळा पाहून मिनिटभर फूटरेस्टवर उभे राहावे. पायांत रक्त खेळते, पाठ मोकळी होते, आणि उतरून थांबायची गरज लांबणीवर पडते. बैठक बदलण्याची जी कसोटी मी वर सांगितली, तिच्यात ही घडण सर्वांच्या पुढे आहे.

दोष तिचेही आहेत. हिमालयनचे सीट खालच्या जागी ठेवले तरी ८२५ मिलिमीटर उंच राहते. हीरो एक्सपल्स २०० ४व्हीचेही तेवढेच आहे. पाच फूट चार इंचांच्या चालकाला सामान लादलेली, १९६ किलोची गाडी उतारावरच्या खडीत एका पायाच्या बोटांवर तोलावी लागते आणि सगळा आराम भीतीत विरून जातो. एक्सपल्स हलकी आहे, पण असल्या हलक्या गाड्यांचे सीट उभे राहून चालवण्याच्या सोयीसाठी अरुंद ठेवलेले असते, ते बसून राहणाऱ्याला दोन तासांनी टोचू लागते. उंच गाडीला आडवा वाराही जास्त लागतो.

मागे बसणाऱ्याचा विचार आपल्याकडे सर्वांत शेवटी होतो, म्हणून तो इथे सविस्तर करतो. वणीला सप्तशृंगीच्या दर्शनाला किंवा शिर्डीला निघालेल्या गाडीवर मागे बहुधा आई, बायको किंवा वडील असतात, आणि चालकाला पकडायला हँडल तरी असते, त्यांना तेही नसते. स्पोर्ट गाडीचे मागचे सीट उंच आणि पसाभर असते. त्यावर कोणाही वडीलधाऱ्या माणसाला दहा किलोमीटरपेक्षा जास्त बसवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. क्रूझरला टेकू असला तर मागच्याला चालकापेक्षा जास्त सुख मिळते, फक्त मागच्या चाकाच्या अगदी वर बसल्यामुळे खड्ड्याचा पहिला दणका त्यालाच बसतो. साडी नेसून एका बाजूला बसणाऱ्या बाईसाठी लांब, सपाट, रुंद सीट आणि पाय नीट ठेवता येईल अशी साडी गार्डची पट्टी लागते, आणि ती सोय सरळ बैठकीच्या गाड्यांवरच धड मिळते. ॲडव्हेंचरवर बसायला आधी चढावे लागते. गुडघे दुखणाऱ्यांनी ते टाळलेले बरे. दोन माणसे आणि सामान असेल तेव्हा मागच्या शॉकॲब्सॉर्बरचा ताण वाढवून घ्यावा. बहुतेक गाड्यांबरोबर त्यासाठीचा पाना मिळतो, पण तो सीटखाली गंजत पडलेला असतो. हा ताण न वाढवता दोघे बसले की शॉकॲब्सॉर्बर आधीच अर्धा दबलेला असतो, आणि मग लोक दोष सीटला देतात.

सीट बदलण्याआधी आणखी दोन गोष्टी फुकट करता येतात. क्लच आणि ब्रेकचे दांडे असे फिरवावेत की बोटे त्यांच्यावर ठेवल्यावर मनगट सरळ रेषेत राहील. मनगटदुखीच्या निम्म्या तक्रारी तेवढ्याने मिटतात. हँडल सैल करून आपल्याकडे किंचित ओढले तर आखूड हातांच्या माणसाचे खांदे खाली येतात. त्यानंतरही त्रास राहिला तर शहरातल्या सीट शिवणाऱ्या चांगल्या कारागिराकडून फोम बदलून घ्यावा, आणि त्याला मऊ नव्हे, घट्ट फोम मागावा. तो दोनदा विचारील, तरी घट्टच मागावा.

निवड करताना शोरूमच्या दारातून कॉलेज रोडला घातलेल्या दहा मिनिटांच्या फेरीवर विसंबू नये, कारण या सगळ्या गाड्या पहिल्या दहा मिनिटांत आरामदायकच वाटतात. मित्राची किंवा भाड्याची गाडी एक दिवस मिळवावी, ज्यांना मागे बसवायचे आहे त्यांना बसवून मोहदरी घाटातून सिन्नर आणि पुढे संगमनेरपर्यंत जाऊन यावे, आणि परतल्यावर मत आधी त्यांचे घ्यावे.