ल्युसर्न की इंटरलाकेन: उन्हाळ्यात मुक्काम कुठे करावा?

टूर कंपनीबरोबर जाणार असाल तर हा प्रश्न पडतच नाही, कारण बस जिथे थांबते तिथे मुक्काम. पण स्वतः आखून जाणाऱ्यांचं घोडं हमखास इथेच अडतं. स्वित्झर्लंडसाठी पाच-सहा रात्री हातात आहेत, रोज बॅगा उचलायच्या नाहीत, मग तळ ठोकायचा कुठे? तळं दोन्हीकडे आहे, डोंगर दोन्हीकडे आहेत, रेल्वे दोन्हीकडे घड्याळावर चालते आणि महागाईतही फारसं डावं-उजवं नाही. त्यामुळे या गोष्टी मोजून निर्णय होत नाही.

मूळ फरक असा. ल्युसर्न हे डोंगरांनी वेढलेलं खरंखुरं जुनं शहर आहे. इंटरलाकेन हे दोन तळ्यांच्या मधलं, डोंगरात जाण्यासाठी गाड्या बदलायचं ठिकाण आहे. मधोमध होहेमाटेचं मोठं हिरवं मैदान, त्यावर उतरणारे पॅराग्लायडर, समोर युंगफ्राऊ शिखराचं बर्फ, बाकी हॉटेलं आणि घड्याळांची दुकानं. आपल्याकडचे पर्यटक इथे इतके येतात की 2016 साली यश चोप्रांचा पुतळाही उभा राहिला. जुनं काही पाहायचं तर आरे नदीपलीकडचा उंटरझेनचा छोटा चौक आहे. तो अर्ध्या तासात संपतो. पुढे थून किंवा बर्न गाठावं लागतं. बर्नचं जुनं शहर अप्रतिमच आहे, 1983 पासून जागतिक वारसा यादीत आहे, पण इंटरलाकेनहून तिथे जायला जवळपास तास लागतो.

ज्या एका कटकटीने माझ्यापुरता निकाल लावला, ती ढगांची.

आल्प्समधला उन्हाळा म्हणजे रोज निळं आकाश नव्हे. सकाळी आठला लख्ख दिसणारं शिखर अकरा वाजता कापसात गुंडाळलेलं असतं, आणि जून-जुलैच्या दुपारी गडगडाटी पाऊस नित्याचाच. म्हणून तिथला दिवस सुरू होतो तो शिखरांवरच्या थेट कॅमेऱ्यांनी. उठल्यावर आधी फोनवर वरचं चित्र पाहायचं, मग चहा. हे दोन्ही गावांत सारखंच. फरक पडतो तो अंदाज चुकल्यावर.

स्विस ट्रॅव्हल पासवर, म्हणजे देशभरच्या रेल्वे, बस आणि बोटींना चालणाऱ्या एकाच तिकिटावर, ल्युसर्नच्या बाजूला रिगी, श्टान्सरहॉर्न आणि श्टोस ही तीन ठिकाणं थेट वरपर्यंत समाविष्ट आहेत. वेगळं तिकीट लागत नाही. वर गेलात आणि धुकं मिळालं, तर कॉफी पिऊन खाली या, दोन दिवसांनी पुन्हा जा. गेला तो फक्त अर्धा दिवस. इंटरलाकेनच्या बाजूला पास तुम्हाला गावांपर्यंत नेतो: ग्रिंडेलवाल्ड, लाउटरब्रुनेन, वेंगेन, म्युरेन. त्याच्या वर बहुतेक ठिकाणी खिशात हात घालावा लागतो. हार्डर कुल्म आणि शिनिगे प्लाटे अर्ध्या किमतीत, शिल्टहॉर्नलाही म्युरेनपासून पुढे वेगळे पैसे, आणि युंगफ्राऊयोखला, म्हणजे युंगफ्राऊ शिखराजवळच्या उंच खिंडीतल्या रेल्वे स्टेशनला, जायचं तर पासधारकांना वरच्या टप्प्यात जेमतेम पाव सवलत. (पासातल्या सवलती दरवर्षी थोड्या बदलतात, निघण्याआधी त्या वर्षीची यादी पाहून घ्या.)

त्यातही युंगफ्राऊयोखची अडचण वेगळीच. उन्हाळी गर्दीच्या महिन्यांत शेवटच्या रेल्वेटप्प्यासाठी जागा राखून ठेवावी लागते. लवकर राखली तर त्या दिवशीच्या हवेवर जुगार. हवा पाहून राखायला गेलात तर सोयीच्या वेळा संपलेल्या. ढग आले म्हणून पैसे परत मिळत नाहीत. चार माणसांचं तिकीट काढून 3,454 मीटरवर जायचं आणि काचेपलीकडे पांढऱ्या भिंतीशिवाय काहीच दिसू नये, हे फार लागतं. बर्फाचा महाल डोंगराच्या पोटात आहे, तो ढगातही दिसतो, हे खरं. पण एवढे पैसे त्यासाठी कुणी मोजलेले नसतात. हा धोका पत्करायची ज्यांची तयारी आहे त्यांना इंटरलाकेन नक्कीच जास्त भव्य वाटेल. मला मात्र सहलीत रोज सकाळी सट्टा लावायला आवडत नाही.

रिगीचीच फेरी पाहा. ल्युसर्न स्टेशनसमोरच्या धक्क्यावरून बोटीने साधारण तासाभरात फिट्झनाऊ. तिथे धक्क्याला लागूनच लाल रंगाची, रुळांमधल्या दात्यांना धरून चढणारी रेल्वे उभी असते. 1871 सालची ही वाट, युरोपातली पहिली डोंगरी दातेरी रेल्वे. चढताना डाव्या हाताला बसा, तळं त्या बाजूला आहे. बोटीतून उतरल्यावर सगळे एकदम गाडीकडे धावतात, म्हणून बोट धक्क्याला लागायच्या आधीच दाराजवळ येऊन थांबलेलं बरं. अर्ध्या तासात रिगी कुल्म, 1,798 मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा दीडशे मीटर उंच. एवढ्या उंचीवर कुणाला धाप लागत नाही, आजी-आजोबाही मजेत फिरतात. परतताना कुल्महून वाटेतल्या काल्टबाड स्टेशनपर्यंत पायी उतरता येतं, वाट रुंद आणि सोपी आहे. पाय कुरकुरत असतील तर गाडी आहेच. काल्टबाडहून केबल कारने वेगिस, आणि वेगिसहून बोटीने परत. यात एकच खोच आहे: वेगिसला केबल कारचं स्टेशन धक्क्यापासून वर आहे, तिथून खाली पंधरा मिनिटांचा चांगला उतार चालावा लागतो. गुडघे दुखणारं कुणी बरोबर असेल तर आल्या वाटेने फिट्झनाऊलाच उतरा. ही सगळी फेरी, बोटींसकट, पासातच.

ल्युसर्नजवळच्याच पिलाटुस डोंगराला पासावर निम्मं तिकीट पडतं. आल्पनाखश्टाडहून जाणारी तिथली दातेरी रेल्वे 1889 पासून आहे आणि चढ 48 टक्क्यांपर्यंत जातो. डबे जिन्यासारखे पायऱ्यापायऱ्यांचे. वर रेल्वेने जायचं, दुसऱ्या बाजूने केबल कारने क्रीन्सला उतरायचं आणि 1 नंबरच्या बसने ल्युसर्नला यायचं, असा क्रम ठेवा. टिटलिसबद्दल मी थोडा उदासीन आहे. एंगेलबर्गपर्यंत पाऊण तास रेल्वे, वर फिरणारी केबल कार, 3,020 मीटरवर बारमाही बर्फ, सगळं ठीक. पण आपल्याकडच्या ग्रुपची तिथे इतकी गर्दी असते की दादर स्टेशनची आठवण यावी. बर्फात पाय ठेवणं हीच मुख्य इच्छा असेल तर मात्र ल्युसर्नहून तेच सर्वांत सोपं.

आता इंटरलाकेनच्या पारड्यात. लाउटरब्रुनेनच्या दरीला ल्युसर्नच्या आसपास तोड नाही, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. दोन्ही बाजूंना सरळसोट कडे, आणि गावाच्या डोक्यावरच श्टाउबबाखचा जवळपास 300 मीटरचा धबधबा. थोडं पुढे ट्रुमेलबाख, हिमनदीचं पाणी डोंगराच्या आतून कोसळतं. तिथे पास चालत नाही आणि चार वर्षांखालच्या मुलांना आत सोडत नाहीत. आत सगळं ओलं आणि गार असतं, भर जुलैतही जाकीट हवंच. चालायची आवड असेल तर मेन्लिखेन ते क्लाइने शायडेग ही जवळजवळ सपाट, दीड तासाची वाट, किंवा फर्स्ट नावाच्या डोंगरावरून बाखआल्प तळ्यापर्यंत तासाभराची चाल. आयगर शिखर समोर ठेवून चालणं वेगळंच. रिगीवरून दिसतात ते दूरचे डोंगर. इथे तुम्ही डोंगरातच असता. ब्रिएन्झ तळ्याचा तो दुधी निळा-हिरवा रंगही ल्युसर्नच्या तळ्याला नाही. हिमनद्यांनी दळलेल्या खडकाची पूड पाण्यात तरंगत असते, तिचा तो रंग. उन्हाळ्यात बर्फ वितळतं तेव्हा तो सर्वांत गडद.

इंटरलाकेनला राहिलात तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ऑस्ट (पूर्व) स्टेशनवरून सुटणारी डोंगराकडची गाडी ट्स्वाइल्युचिनेनला दोन भागांत फुटते: एक भाग लाउटरब्रुनेनला, दुसरा ग्रिंडेलवाल्डला. गाडी आली की सगळे पहिल्या दिसलेल्या डब्यात शिरतात आणि चुकीच्या दरीत पोचतात. डब्यावरची पाटी वाचून चढा. चुकलंच तर ट्स्वाइल्युचिनेनला उतरून डबा बदलता येतो, पण सामान आणि लहान मुलं असली की तेवढ्यात त्रेधा उडते. दुसरं म्हणजे ब्रिएन्झ तळ्याच्या बोटी ऑस्टच्या धक्क्यावरून सुटतात आणि थून तळ्याच्या वेस्ट (पश्चिम) स्टेशनच्या. दोन्हींमध्ये वीसेक मिनिटं चालायचं अंतर आहे आणि बोट कुणासाठी थांबत नाही.

महिन्याचं गणितही पाहा. आपली शाळेची सुट्टी मे महिन्यात, तर आल्प्सचा उन्हाळा खऱ्या अर्थाने जूनच्या मध्यापासून. मेमध्ये बाखआल्पची वाट बहुधा बर्फाखाली असते. शिनिगे प्लाटेची जुनी रेल्वे आणि ब्रिएन्झ रोटहॉर्नची वाफेची गाडी सहसा जूनपासून चालतात. पिलाटुसची दातेरी रेल्वेही मेच्या मध्याच्या सुमारास, बर्फ हटेल तशी सुरू होते. रिगी मात्र बारा महिने चालू असतं. मेमध्ये इंटरलाकेनचा फायदा एकच: बर्फ वितळत असल्याने धबधबे भरून वाहतात. पण डोंगरवाटांसाठी म्हणून मेमध्ये तिथे मुक्काम करणार असाल तर पुन्हा विचार करा.

पावसाच्या दिवशीही ल्युसर्न सावरून घेतं. कापेलब्रुके हा झाकलेला लाकडी पूल चौदाव्या शतकातला. 1993 च्या आगीत त्याचा बराच भाग आणि छताखालची बहुतेक चित्रं जळाली, आठ-नऊ महिन्यांत तो पुन्हा उभा केला. गर्दी सगळी याच पुलावर, म्हणून थोडं पुढे श्प्रॉयरब्रुके या दुसऱ्या जुन्या पुलावर जा. तिथली मृत्यूच्या नाचाची सतराव्या शतकातली चित्रं निवांत पाहता येतात. मुझेग या जुन्या शहरतटावर चढा. त्याचे काही बुरूज उन्हाळ्यात खुले आणि फुकट असतात. त्यातल्या घड्याळाच्या बुरुजाला शहरातल्या इतर घड्याळांच्या एक मिनिट आधी टोले द्यायचा मान आहे. आतले लाकडी जिने अरुंद आहेत, पाठीवरची मोठी सॅक खालीच ठेवा. मुलं कंटाळली तर वाहतूक संग्रहालयात अख्खा दिवस निघतो. पासधारकांना तिथे अर्धं तिकीट. इंटरलाकेनला पावसात काय करायचं, याचं उत्तर बहुधा रेल्वेने दुसऱ्या गावाला जाणं हेच असतं.

जेवणाचं म्हणाल तर इंटरलाकेनला भारतीय हॉटेलं हाकेवर सापडतात, वरणभातावाचून ज्यांचं अडतं त्यांना ते सोपं. ल्युसर्नलाही मिळतं, थोडं शोधावं लागतं. दोन्हीकडे हॉटेलवाले पाहुण्यांना स्थानिक बससाठी कार्ड देतात. दिलं नाही तर मागून घ्या. ल्युसर्नला खोली स्टेशनपासून चालत दहा मिनिटांच्या आत बघा. जुन्या शहरातली हॉटेलं दिसतात देखणी, पण फरसबंदीवरून बॅगेची चाकं ओढणं आणि लिफ्ट नसलेले जिने, दोन्हींची तयारी ठेवा.

ज्यांना युंगफ्राऊयोख करायचंच आहे त्यांनी ते ल्युसर्नहून एका दिवसात उरकू नये. ऑस्टपर्यंतच पावणेदोन-दोन तास, पुढे ग्रिंडेलवाल्डहून आयगर एक्सप्रेस ही केबल कार पकडूनही दीडेक तास; जाऊन-येऊन सात तास प्रवासातच. शिवाय घाईने वर चढलं की डोकं दुखतं, गरगरतं. त्यापेक्षा, माझं ऐकाल तर, चार रात्री ल्युसर्न आणि शेवटच्या दोन रात्री थेट लाउटरब्रुनेन किंवा वेंगेनला काढा. इंटरलाकेन मध्ये फक्त गाडी बदलायला. या दोन रात्रींत जो दिवस स्वच्छ दिसेल तो युंगफ्राऊला द्या, आणि जागा आदल्या संध्याकाळी अंदाज पाहून राखा. जुलै-ऑगस्टमध्ये तेवढं थांबणं धोक्याचं असेल तर सकाळची पहिली वेळ घ्या. ढग सहसा उशिरा चढतात.

ल्युसर्नहून निघताना ब्र्युनिग खिंडीतून जाणारी इंटरलाकेन एक्सप्रेस पकडा, पास चालतो. मोठ्या बॅगांसाठी डब्यात जागा मर्यादित असते, म्हणून गाडी लागल्या लागल्या चढा आणि उजव्या हाताच्या खिडक्या धरा. झार्नन आणि लुंगर्न ही दोन्ही तळी त्या बाजूला आहेत. मायरिंगेनला गाडी उलट्या दिशेने निघते आणि बरेच जण तोंड पुढे करून बसायला उठतात, पलीकडच्या बाकावर जातात. तुम्ही जागा सोडू नका. पुढचं ब्रिएन्झ तळं तुमच्याच खिडकीतून दिसणार आहे.