वंशांच्या मूळकथा नव्याने लिहायच्या असतील तर: 'एबेरॉन, रायझिंग फ्रॉम द लास्ट वॉर'

मी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा, प्रत्येकाने एक पात्र घेऊन बोलत-बोलत गोष्ट रचायचा खेळ मराठीतून खेळवते. आमचा गट कल्याणला शनिवारी संध्याकाळी जमतो. पुस्तकं इंग्रजी, कॅरॅक्टर शीट (पात्राची माहिती लिहायचा कागद) इंग्रजी, पण खेळताना बोलणं सगळं मराठीत. मराठीत खेळवायला लागल्यापासून एक प्रश्न टेबलावर वारंवार येतो: "आमचे लोक मुळात आले कुठून?" ऑर्क, गॉब्लिन, एल्फ, खेळातला कुठलाही काल्पनिक वंश असो, खेळाडूला आपल्या माणसाचं गाव आणि गोत हवं असतं. मूळ नियमपुस्तकांत त्याचं उत्तर बहुतेक वेळा 'अमुक देवाने घडवले' एवढंच मिळतं. त्यावर फार काळ खेळता येत नाही. म्हणून हे पुस्तक घेतलं. आता ते इतकं वापरलंय की शिवण सैल झाली आहे, तेव्हा सविस्तर लिहायला हरकत नाही.

आधी थोडी माहिती. हा खेळ काढणाऱ्या विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने २००२ मध्ये खेळासाठी नव्या काल्पनिक जगाच्या कल्पना मागवल्या होत्या. अकरा हजारांवर प्रस्ताव आले आणि त्यांतून कीथ बेकर यांचं एबेरॉन निवडलं गेलं. पहिलं पुस्तक २००४ मध्ये आलं. मी लिहितेय ती पाचव्या आवृत्तीच्या नियमांसाठीची, नोव्हेंबर २०१९ मध्ये आलेली ३२० पानांची प्रत. तिच्यावर बेकर यांच्यासोबत जेरेमी क्रॉफर्ड आणि जेम्स वायट यांनी काम केलं आहे.

या जगाचं सगळ्यात मोठं वैशिष्ट्य म्हणजे इथे देव साक्षीला येत नाहीत. ते आहेत की नाहीत हेसुद्धा कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मूळकथांवर याचा किती परिणाम होतो, ते ऑर्कांकडे पाहिलं की कळतं. खेळाच्या नेहमीच्या जगात देवांनी चिठ्ठ्या टाकून जमीन वाटून घेतली, ऑर्कांचा देव ग्रूम्श याच्या वाट्याला काहीच आलं नाही, तो संतापला आणि तो संताप त्याच्या लेकरांच्या रक्तात उतरला. तिथे ग्रूम्श खरोखर अस्तित्वात असल्यामुळे ही कथा म्हणजे पुरावाच ठरते. ऑर्क घेतलेल्या खेळाडूला जन्मतःच एक आरोपपत्र चिकटतं. २०१६ च्या एका नियमपुस्तकात तर ऑर्कांची बुद्धी नियमानेच दोन गुणांनी कमी केली होती.

एबेरॉनमधले ऑर्क शॅडो मार्चेसच्या दलदलीत राहतात. त्यांच्यातल्या काहींनी व्हराक नावाच्या ड्रॅगनकडून वनविद्या घेतली आणि ते गेटकीपर, म्हणजे दारांचे राखणदार झाले. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी झोरियाट नावाच्या वेडाच्या दुनियेतून डेलकिर नावाचे शत्रू चालून आले, तेव्हा या गेटकीपरांनीच दारं बंद केली आणि मोहरा लावल्या. त्या मोहरा अजून टिकून आहेत, म्हणून जग टिकून आहे. जगात बहुतेकांना हे माहीत नाही, कारण इतिहास लिहिणारे दुसरीकडचे. बुद्धीची कपातही या पुस्तकाने काढून टाकली. आमच्याकडे एका मुलीने हा ऑर्क घेतला. तिने पहिल्याच संध्याकाळी डोळे मोठे न करता, आवाज न चढवता, एखाद्या म्हाताऱ्या पुजाऱ्यासारखं शांत बोलायला सुरुवात केली. तिला तसं कुणी सांगितलं नव्हतं. कथा बदलली तसं बोलणं आपोआप बदललं.

वॉरफोर्ज्डचं प्रकरण या पुस्तकातलं मला सर्वांत आवडतं. लाकूड, दगड आणि धातूचे हे सैनिक कॅनिथ घराण्याने युद्धासाठी बनवले. ते युद्ध, म्हणजे पुस्तकाच्या नावातलं 'लास्ट वॉर', त्या जगाच्या कालगणनेनुसार ८९४ पासून ९९६ पर्यंत चाललं. ९९६ च्या थ्रोनहोल्ड तहाने वॉरफोर्ज्डना स्वतंत्र व्यक्ती मानलं आणि ज्या भट्ट्यांतून ते घडत होते त्या बंद करायला लावल्या. खेळ सुरू होतो ९९८ साली. आता वयाची नोंद पाहा: वॉरफोर्ज्डचं वय साधारण दोन ते तीस वर्षं, असं पुस्तक म्हणतं. सर्वांत धाकटा दोन वर्षांचा का? तहाला दोन वर्षं झाली म्हणून. त्यानंतर उघडपणे कुणी जन्मलंच नाही. एका आकड्यात अख्ख्या वंशाची मूळकथा आणि कदाचित शेवटही मावला आहे. मी हे टेबलावर मोठ्याने वाचलं तेव्हा सगळे गप्प झाले.

शेजारीच नावांची यादी आहे. डेंट, रस्टी, सेव्हन, बॅनर अशी नावं. पलटणीतल्या कुणीतरी ठेवलेली, कुणाला पोचा पडला होता म्हणून, कुणाचा क्रमांक सातवा म्हणून. माझ्या भाच्याने 'डेंट' उचललं. पोचा कुठल्या लढाईत पडला, एवढंच लिहून त्याने आपली पार्श्वभूमी पूर्ण केली. मला एवढं पुरेसं वाटलं.

इथे एक तुलना करायलाच हवी, कारण याच कंपनीच्या दुसऱ्या पुस्तकात नेमकं याच ठिकाणी घसरायला झालं. ऑगस्ट २०२२ मध्ये आलेल्या 'स्पेलजॅमर'च्या संचात हॅडोझी या माकडसदृश वंशाची कथा होती: एका जादूगाराने त्यांना पकडलं, काढे पाजून शहाणं केलं, सैन्य म्हणून विकायचा बेत केला आणि मग त्याच्याच शिष्यांनी त्यांना सोडवलं. वाचकांनी आवाज उठवला. सप्टेंबरच्या सुरुवातीला कंपनीने जाहीर माफी मागितली आणि तो मजकूर काढून टाकला. वॉरफोर्ज्डही गुलामीतच घडले आहेत. मग फरक काय? माझ्या मते हॅडोझींना त्या कथेत स्वतःचं काहीच नव्हतं. बुद्धी दुसऱ्याची देणगी, सुटकासुद्धा दुसऱ्याची देणगी. वॉरफोर्ज्डच्या बाबतीत पुस्तक जन्मापाशी थांबत नाही. कुणी लॉर्ड ऑफ ब्लेड्स या वॉरफोर्ज्ड पुढाऱ्याच्या मागे मोर्नलँड या उजाड मुलखात निघून जातो, कुणी शार्न शहरात मजुरी करतो, कुणी आपल्यासाठी देव शोधतो. लोकांना कुणी घडवलं याच्यापुढे जाऊन ते स्वतःचं काय करतात, हे जिथे लिहिलं जातं तिथे वंश जिवंत होतो. नवा वंश घडवणाऱ्याने ही दोन प्रकरणं शेजारी शेजारी ठेवून वाचावीत.

गॉब्लिनांबद्दल लिहिताना मला महात्मा फुल्यांची आठवण येते. १८७३ च्या 'गुलामगिरी'त जोतीराव आणि धोंडिबा यांचा संवाद सुरूच होतो ब्रह्मदेवाच्या अवयवांतून चार वर्ण जन्मले या कथेच्या उलटतपासणीने. ती कथा कुणी रचली आणि तिच्यावर पोट कुणाचं चालतं, हे ते विचारतात आणि मग बळीराजाच्या बाजूने सगळा इतिहास पुन्हा सांगतात. एबेरॉनमध्ये गॉब्लिनांची जागा हीच आहे. खोर्व्हेअर खंडावर माणसं सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी समुद्रावरून आली. त्याच्या कितीतरी आधी इथे गॉब्लिनांचं धाकान साम्राज्य होतं, ते डेलकिरांशी लढता लढता मोडलं. शार्नचे मैलभर उंच मनोरे ज्या पायावर उभे आहेत, तो पाया त्यांचा. आणि आज त्याच शहराच्या तळाशी गॉब्लिन सांडपाण्याच्या पातळीवर राहतात. माणसांच्या कथेत ते घुसखोर आहेत, त्यांच्या स्वतःच्या कथेत घरमालक. पुस्तक दोन्ही बाजू मांडतं आणि निकाल देत नाही. मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

सृष्टीची कथाही अशीच मोकळी ठेवली आहे. तीन आदिड्रॅगन: सायबेरिस, एबेरॉन, खायबर. खायबरने सायबेरिसला फाडलं, एबेरॉनने खायबरला विळखा घालून कोंडलं आणि तिचीच जमीन झाली. वर सायबेरिसच्या तुकड्यांचं कडं, खाली पाताळात खायबर. हे खरोखर घडलं की नुसतं रूपक आहे, ते सांगितलेलं नाही. ही मोकळी जागाच डीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, उपयोगाची.

आम्ही ती जागा वापरून एक नवा वंश बसवला. आमच्यातल्या एकीचं बालपण राजापूरच्या खाडीकाठी गेलं आहे. खाजण, कांदळवन, भरती-ओहोटी हे सगळं तिच्या हाडीमासी भिनलेलं. तिने शॅडो मार्चेसच्या किनाऱ्यावर राहणारे 'ओहोटे' काढले, कल्ल्यांनीही श्वास घेणारे आणि नाकानेही. या पुस्तकातून मी जी रीत उचलली ती अशी की मूळकथा एकटी लिहायची नाही, किमान तीन तोंडांनी लिहायची. ओहोटे स्वतः म्हणतात, एबेरॉनने खायबरला विळखा घातला तेव्हा तिचा घाम चिखलात सांडला, त्यातून आम्ही झालो, म्हणून चिखल आमचा. थराश्क घराण्याचे ड्रॅगनशार्ड (जादुई स्फटिक) शोधणारे लोक म्हणतात, हे तर जुन्या खाणींतून पळालेले चाकर, आमच्यानंतर आलेले, यांचा जमिनीवर हक्क कसला? गेटकीपर म्हणतात, डेलकिरांच्या प्रयोगातून उरलेली ही लेकरं आहेत, दोष त्यांचा नाही, पण नजर ठेवायला हवी.

मग आमच्या या मैत्रिणीचं ओहोटे पात्र शार्नला पोहोचलं. एबेरॉनमध्ये ओळखपत्रं लागतात आणि सिव्हिस घराण्याचे, नोम या बुटक्या वंशाचे कारकून ती लिहून, शिक्के मारून देतात. मी कारकून झाले होते, मी विचारलं, "मूळ कुठलं?" अर्जावर जागा एकाच ओळीची. मैत्रीण जरा वेळ शीटकडे पाहत राहिली आणि मग पात्राच्या आवाजात म्हणाली, "ही ओळ पुढे कोण वाचणार आहे?" मी म्हटलं, "थराश्कांचे वकील वाचतील." तिने तरीही आपली चिखलाची कथाच सांगितली. कारकुनाने लिहिलं, 'अज्ञात'. तो एक शब्द बदलून घेण्यासाठी आमचा गट पुढे कितीतरी शनिवार झगडला. कुठल्याही राक्षसाने आम्हाला इतकं धावायला लावलं नव्हतं.

आता खटकलेल्या गोष्टी. ड्रॅगनमार्क, म्हणजे अंगावरच्या जादुई खुणा, बारा आहेत आणि ते जन्माने येतात. अमुक खूण फक्त हाफलिंगांच्या घराण्यात, ती असेल तर खानावळ चालवा. तमुक फक्त नोमांत, ती असेल तर लेखणी धरा. बारा बलुतेदारांच्या महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला हे वाचताना अस्वस्थ वाटतं. त्यात दोन वेगवेगळ्या घराण्यांच्या संकरातून बहुधा 'विकृत' खुणा उमटतात, म्हणून अशा लग्नांना बंदी, आणि जुन्या काळी अशा खुणा असलेल्यांची शिकार झालेली. घराणी मक्तेदार आहेत, लोभी आहेत, हे पुस्तक दाखवतं. पण 'विकृत' खूण नियमाप्रमाणेही काहीशी धोकादायकच ठेवली आहे. म्हणजे घराण्यांची कथा इथे नियमांनीच थोडीफार खरी करून टाकली. ऑर्कांच्या बाबतीत दाखवलेली हिंमत इथे कमी पडली, असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्या टेबलावर मी त्या खुणेचं ओझं काढून टाकलंय आणि खेळाचं काही बिघडलेलं नाही.

काही वंशांना पानंही अपुरी मिळाली आहेत. कलश्तारांची कल्पना विलक्षण आहे: स्वप्नलोकातून पळालेल्या ६७ आत्म्यांनी अदारच्या साधकांमध्ये आसरा घेतला आणि तेच आत्मे आज त्यांच्या वंशजांमध्ये वाटले गेले आहेत. एवढ्या मोठ्या कल्पनेनंतर मला त्यांची घरं, सण, भांडणं हवी होती. ती फारशी नाहीत. धाकानी गॉब्लिन आणि म्रोर होल्ड्सचे ड्वार्फ यांचंही तसंच. त्यासाठी कीथ बेकर यांनी २०२० मध्ये स्वतंत्रपणे काढलेलं 'एक्सप्लोरिंग एबेरॉन' घ्यावं लागतं, आणि वंशांच्या बाबतीत ते जास्त खोलात जातं.

भाषा अवघड नाही, पण मजकूर दाट आहे. पहिल्यांदा वाचणाऱ्याने सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचत सुटू नये. आधी वंशांचं प्रकरण, मग शार्नचं, एवढ्यावर खेळ सुरू करता येतो. बाकी लागेल तसं उघडावं. पुस्तक आलं तेव्हा छापील किंमत ४९.९५ डॉलर होती. आपल्याकडे आयात प्रतीची किंमत दुकानागणिक बरीच बदलते, तेव्हा दोन-तीन ठिकाणी विचारूनच घ्या. नियम २०१४ च्या पाचव्या आवृत्तीचे आहेत. २०२४ ची नवी नियमपुस्तकं वापरत असाल तर वंशांचे गुण थोडे जुळवून घ्यावे लागतील, कथांना मात्र हात लावावा लागत नाही. नुसते तयार साहस (खेळायला लिहून ठेवलेलं कथानक) हवे असेल तर हे पुस्तक घेऊ नका, त्यात सुरुवातीचं एकच छोटं साहस आहे. स्वतःचा वंश बसवायचा असेल तर आधी 'एक्सप्लोरिंग' नको, हेच घ्या, आणि गॉब्लिनांपासून सुरुवात करा.